डोक्याचा भाव

सायकलचं हेल्मेट घ्यायला गेलं की आधी स्वतःच्या डोक्याची किंमत ठरवावी लागते. हजार रुपयांपासून दहा हजारांपर्यंत सोय आहे. दुकानदार आग्रह करीत नाही. "साहेब, शेवटी डोक्याचा प्रश्न आहे," एवढंच म्हणतो. भेंडीचा भाव करता येतो, डोक्याचा कसा करणार?

वास्तविक दोन्हींच्या आत असतो तो थर्मोकोलच. आपटला की तो चिरडतो आणि धक्का स्वतःवर घेतो. एकदा चिरडला की हेल्मेट बाद, मग ते कितीचंही असो. आत मानकाचा शिक्का आहे ना, एवढं पाहावं. अमेरिकेत १९९९पासूनच्या नियमानुसार हेल्मेट दोन मीटरवरून पोलादी ऐरणीवर आपटून पाहतात. ऐरणीला किमतीची चिठ्ठी वाचता येत नाही! वरच्या पैशांत बहुधा मिळतो तो वारा, हलकेपणा आणि रुबाब. तिरक्या आपटीत डोक्याला बसणारी गिरकी कमी करणारं सरकतं अस्तर असेल, तर चार पैसे जास्त द्यायला माझी ना नाही.

पण स्वतःला बाराशेचं "पुष्कळ झालं" म्हणणारा बाप मुलीसाठी तीन हजारांच्या हेल्मेटवर बोट ठेवतो. शिक्का तोच, थर्मोकोल तोच. मग वरचे अठराशे कशाचे? उद्या काही झालंच, तर 'आपण पैसे वाचवले' असं मनात येऊ नये, त्याचे. हेल्मेट तिच्या डोक्याला, पैसे आपल्या मनाला. मला त्यात गैर वाटत नाही. मात्र हनुवटीखालचा पट्टा आवळायची सवय त्या अठराशेत येत नाही. ती रोज सकाळी, शाळेला उशीर होत असताना, जिन्यावरून ओरडून लावावी लागते.