गोष्ट अडते तिथून

प्राथमिक शाळेच्या मराठीच्या पेपरात एक प्रश्न हमखास असतो: दिलेल्या मुद्द्यांवरून गोष्ट लिहा, शीर्षक द्या, तात्पर्य लिहा. खाली मुद्दे दिलेले असतात. म्हातारा शेतकरी, चार मुलगे, रोजची भांडणं, काठ्यांची मोळी. मुलं मुद्द्यांना क्रियापदं जोडतात, 'एकीचे बळ' असं शीर्षक देतात आणि त्यांना गुणही मिळतात. गोष्ट उभी कशी राहते हे मात्र त्यांना यातून कळत नाही, कारण ते सगळं काम पेपर काढणाऱ्यानं आधीच करून ठेवलेलं असतं.

पुणे जिल्ह्यातल्या शिरूर-दौंडच्या मुलांना उसने मुद्दे देण्याची खरोखर गरज नाही. दौंड तालुक्यातल्या गुऱ्हाळांच्या गावात तिसरीतल्या पोराला विचारा, गूळ कसा होतो? तो न अडखळता सांगेल. ऊस चरकात घालतात, रस काहिलीत पडतो, चुलवाणात चिपाडं सारतात, भेंडीचं पाणी घालून मळी काढतात, गुळव्या पाक बघतो, वाफ्यात ओततात, मग ढेप. एकही पायरी चुकणार नाही. पण ही झाली माहिती. आता बाईंनी एवढंच विचारावं, "काहील चढलीय, आभाळ फाटलं आणि चिपाडं भिजली, तर रं?" पोरगं थांबतं. पाक अर्ध्यावर आहे, जाळ विझत चाललाय. शेजारच्या गुऱ्हाळावर कोरडी चिपाडं आहेत, पण त्या घराशी बांधावरून बोलणं बंद आहे. आजोबा जातील का मागायला? आता सगळा वर्ग बोलू लागतो. एक म्हणतो, जातील. दुसरी म्हणते, ते नाही जायचे, नातवाला धाडतील. गोष्ट इथं सुरू झाली. कुणाला तरी काही हवंय, वाटेत काही आडवं आलंय, आणि आता त्यानं काय करायचं हे त्यालाच ठरवायचंय. सुरुवात, मध्य, शेवट ही नावं फळ्यावर नंतर लिहिली तरी चालतात.

जुन्या गोष्टीही याच कामाला घ्याव्यात. लेकीकडे निघालेल्या म्हातारीची आणि भोपळ्याची गोष्ट मुलांना पाठ असते. ती पुन्हा सांगून घेण्यात फारसं हशील नाही. त्यातला एक सांधा काढून बघावा. जाताना भेटलेल्या वाघाला म्हातारीनं 'परत येताना खा' असं कबूल केलंच नसतं तर? मुलं विचारात पडतात. मग एखादी म्हणते, "मग भोपळा कशाला पायजे? ती चालतच येईल की." या मुलीला गोष्टीची रचना कळली. जाताना दिलेला शब्द येताना फेडावा लागतो आणि सगळी गंमत त्या शब्दावर उभी आहे, हे तिनं स्वतः शोधलं. तात्पर्याच्या चार ओळींपेक्षा मला तिचं ते एक वाक्य मोलाचं वाटतं.

गोष्ट मोडून बघण्याच्या या विचाराचा एक धागा दौंड तालुक्यातच सापडतो. केडगावला मुक्ती सदन उभारणाऱ्या पंडिता रमाबाई पौराणिकाच्या घरातल्या. आईवडिलांबरोबर देशभर पायी फिरताना त्या पुराणं ऐकत आणि सांगत वाढल्या. ऐकणाऱ्याला पुढं काय झालं याची ओढ कशी लावायची, ते त्यांच्या कानात लहानपणीच बसलं असणार. 1886 मध्ये त्या अमेरिकेला गेल्या आणि तिथं त्यांनी शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेलची किंडरगार्टन पद्धत शिकून घेतली. त्या पद्धतीत मूल हातानं रचतं, मोडतं, पुन्हा रचतं. हे शिकून आलेल्या बाई दौंडच्या माळावर दुष्काळातून आणलेल्या मुलींना शिकवत होत्या. गोष्ट मोडून पुन्हा रचायला देणारी शिक्षिका त्याच वाटेनं चाललेली असते.

दिवाळीच्या आगेमागे बीड, अहिल्यानगरकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात, फडाच्या कडेला कोप्या पडतात. त्यांतली काही मुलं वर्ष अर्धं झाल्यावर वर्गात येऊन बसतात आणि परीक्षेआधीच निघून जातात. त्यांच्याकडे सांगण्यासारखं सर्वांत जास्त असतं आणि त्यांना सर्वांत कमी विचारलं जातं. असं मूल "म्या" म्हणालं, "आय" म्हणालं, तर गोष्ट चालू असताना त्याची भाषा सुधारू नये. प्रमाण मराठी उद्या शिकवता येते. आज मध्येच टोकलं, तर ते मूल पुढं बोलायचं नाही.

शिरूरकडच्या मुलांच्या गोष्टीत बिबट्या येणारच. घोड आणि भीमेच्या काठच्या उसात त्याचा वावर आहे, त्यानं माणसं मारली आहेत, लहान मुलंही. संध्याकाळनंतर अंगणात जायचं नाही, हे या मुलांना घरी रोज ऐकावं लागतं. अशा मुलाला 'शूर मुलाने बिबट्याला पळवले' असा शेवट लिहायला लावू नये. अंधार पडलाय, शेळी गोठ्याबाहेर राहिलीय आणि आई अजून रानातून आलेली नाही, इथवर ते मूल आपलं आपण आलं, तर पुढचंही त्यालाच ठरवू द्यावं. वाट्याला आलेली भीती क्रमानं मांडता येणं ही फार मोठी गोष्ट आहे, आणि ती प्राथमिक शाळेच्या वर्गात शिकवता येते.

गुरुजी, बाई, या आठवड्यात गोष्टीच्या तासाला फळ्यावर मुद्दे लिहू नका. गोष्ट ऐन अडचणीत सोडा, पुढं काय झालं ते मुलांना विचारा, आणि तात्पर्य अजिबात विचारू नका.