दुसऱ्याचा खिसा

पुस्तक लिहिणं तसं फारसं अवघड नाही. दोनशे पानी वह्या बाजारात मिळतात, आणि घरातली मंडळी झोपली की रात्रही मिळते. मिळत नाही तो प्रकाशक. पहिलंवहिलं बाड बगलेत मारून हिंडणारा लेखक हा भाड्याची जागा शोधणाऱ्या माणसासारखा असतो. तिथे विचारतात, आधी कुठे राहत होता? इथे विचारतात, आधी कुठे छापून आलंय? तिथे ओळख कुणाची, इथे प्रस्तावना कुणाची? डिपॉझिटचा विषय मात्र दोन्हीकडे चहा झाल्यावरच निघतो.

प्रकाशकांच्या भाषेला स्वतंत्र व्याकरण आहे. 'वाचतो' हे क्रियापद दिसायला वर्तमानकाळी, अर्थाने भविष्यकाळी. 'कवितेला उठाव नाही' हे वाक्य कादंबरी नेणाऱ्यालाही ऐकवतात; फक्त पहिला शब्द बदलतो. आणि 'थोडा सहभाग दिलात तर बघू' याचा अर्थ, खर्च तुमचा, नाव आमचं.

खरा प्रश्न इथे सुरू होतो. स्वतःचे पैसे घालून स्वतःचं पुस्तक काढावं का? आता तर हव्या तर पन्नास प्रतीसुद्धा छापून मिळतात. काढणारे दाखलेही मोठमोठे देतात. मार्सेल प्रूस्तच्या महाकादंबरीचा पहिला खंड पॅरिसच्या प्रकाशकांनी नाकारला, आणि १९१३ मध्ये तो त्याला पदरमोड करून काढावा लागला. नाकारणाऱ्यांत आंद्रे जीदसारखा जाणकार होता. त्याने पुढे पत्र लिहून प्रूस्तची क्षमा मागितली. गोष्ट खरी आहे. पण तेव्हापासून साभार परत आलेल्या प्रत्येक बाडाला आपण प्रूस्तचं आहोत असं वाटू लागलं, त्याला इलाज नाही.

पदरमोडीत पाप नाही. माणसं पदरमोड करून याहून वाईट गोष्टी करतात. अडचण वेगळीच आहे. घरचे 'छान' म्हणतात, कारण त्यांना त्याच घरात राहायचं असतं. मित्र 'छान' म्हणतात, कारण चहा आपण पाजलेला असतो. जो आपलं काही देणं लागत नाही, तो जेव्हा आपल्या ओळींवर स्वतःचे पैसे लावतो, तेव्हा त्या होकाराला वजन येतं. स्वतःच पैसे भरले की 'नाही' म्हणू शकणारा एकुलता एक परका माणूस वाटेतून दूर होतो. बहिणाबाई चौधरींनी तर आपल्या गाण्यांसाठी प्रकाशक शोधलाच नाही. १९५१ मध्ये त्या गेल्या. मुलाने जपून ठेवलेली त्यांची गाणी आचार्य अत्र्यांनी पाहिली, आणि १९५२ मध्ये पुस्तक निघालं. आईची गाणी मुलाला गोड वाटणारच हो. पण अत्रे पडले तिऱ्हाईत!

आता उलट बाजू. या तिऱ्हाइताच्या खिशावर आपला हक्क तरी काय? आमचे एक स्नेही कथासंग्रह घेऊन एका प्रकाशकाकडे गेले होते, सोबतीला मी. नव्या लेखकाला कुणी विचारत नाही, हे गाऱ्हाणं स्नेह्यांनी अर्धा तास घातलं. वयस्कर प्रकाशक शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "साहेब, तुम्ही स्वतः नव्या लेखकाचं पुस्तक विकत घेतलंत, त्याला किती वर्षं झाली?"

"आम्ही वाचनालयातून आणतो," स्नेही म्हणाले.

"माझाही तोच विचार आहे," प्रकाशक म्हणाले. "तुमचं पुस्तक दुसऱ्या कुणी तरी काढावं, आणि मी ते वाचनालयातून आणावं."

उत्तर कडू होतं, पण अन्यायाचं नव्हतं. अनोळखी लेखकावर ज्याने कधी दोन-तीनशे रुपये लावले नाहीत, त्याने दुसऱ्याला आपल्यावर हजारो लावायला कोणत्या तोंडाने सांगावं? नकार देण्यापूर्वी निदान दहा पानं वाचणं हा प्रकाशकाचा धर्म. आणि होकार मागण्यापूर्वी निदान एक पुस्तक विकत घेणं हा लेखकाचा. वर्षाकाठी एक, नव्या माणसाचं, 'सप्रेम भेट' न मागता. महाराष्ट्रातल्या लेखकांनी एवढं जरी मनावर घेतलं, तरी वाचकांवाचूनसुद्धा आवृत्त्या संपतील.