पंचाचा शब्द आणि खेळाडूचा दंड

मैदानावर पंचाचा शब्द अखेरचा असतो, याविषयी दुमत नाही. परंतु अखेरचा शब्द हा निर्दोष शब्द असतोच असे नाही. मग त्यातील दोष बोलून दाखविणाऱ्या व्यावसायिक खेळाडूकडून दंड वसूल करणे न्याय्य आहे काय? बहुतेक क्रीडासंस्थांच्या नियमावल्या या प्रश्नाला होकारार्थी उत्तर देतात. आम्हांस ते उत्तर अर्धेच बरोबर वाटते.

जुलै 2023 मध्ये मीरपूर येथे बांगलादेशविरुद्धच्या एकदिवसीय सामन्यात बाद ठरविल्यावर भारताची कर्णधार हरमनप्रीत कौर हिने बॅटने यष्टी उडविल्या आणि सामन्यानंतरच्या समारंभात पंचगिरीवर जाहीर टीका केली. आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने यष्टी उडविल्याबद्दल मानधनाच्या 50 टक्के आणि टीकेबद्दल आणखी 25 टक्के दंड केला. पुढील दोन सामन्यांसाठी तिला निलंबितही केले. परिषदेने येथे दोन अपराध निराळे मोजले, हे योग्यच झाले. आमचा प्रश्न दुसऱ्या अपराधापुरता आहे: केवळ बोलणे हा अपराध ठरावा काय?

ठरावा, असे म्हणणाऱ्यांची बाजू दुबळी नाही. आपल्या बीदर-कलबुर्गी भागात जत्रेच्या अखेरीस भरणारे कुस्त्यांचे फड ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ती समजावून सांगावी लागणार नाही. नावाजलेल्या मल्लामागे हजारो लोक असतात. पंचामागे कोणीच नसते. मल्लाने नुसता हात झिडकारला तरी फड उसळतो. प्रसिद्ध खेळाडूचे वाक्य हे सामान्य माणसाचे मत राहत नाही. ते गर्दीच्या हातातील दगड होऊ शकते. फेब्रुवारी 2025 मध्ये अहिल्यानगर येथील महाराष्ट्र केसरी स्पर्धेत आपले खांदे टेकलेच नव्हते, असे सांगणाऱ्या शिवराज राक्षे याने पंचांना लाथ मारली. त्याच्यावर तीन वर्षांची बंदी घालण्यात आली. त्याची तक्रार खरी की खोटी, हा प्रश्न त्या क्षणी मागे पडला. तक्रार खरी असली तरी लाथ खरी ठरत नाही. उलट लाथेने तक्रारीचेच वजन घटविले.

तथापि निर्णय न पाळणे आणि निर्णय चुकला असे म्हणणे, या दोन गोष्टी एक नव्हेत. हा भेद क्रिकेटच्या इतिहासातील दोन प्रसंगांवरून स्पष्ट होतो. फेब्रुवारी 1981 मध्ये मेलबर्न कसोटीत पायचीत ठरविले गेल्यावर सुनील गावसकर संतापले आणि सहकारी चेतन चौहान यांनाही घेऊन मैदानाबाहेर निघाले. व्यवस्थापक दुराणी यांनी चौहानांना सीमारेषेवरून परत पाठविले, म्हणून सामना टिकला. पुढे भारताने तो 59 धावांनी जिंकला. आपल्या त्या वर्तनाविषयी गावसकरांनी नंतर खेद व्यक्त केला.

त्याच्या एक वर्ष आधी, फेब्रुवारी 1980 मध्ये, मुंबईच्या सुवर्णमहोत्सवी कसोटीत भारताचे कर्णधार होते गुंडाप्पा विश्वनाथ, म्हणजे कर्नाटकाचे सुपुत्र आणि गावसकरांचे मेहुणे. इंग्लंडच्या बॉब टेलर यांना पंचांनी झेलबाद दिले होते. चेंडू बॅटला लागलेला नाही, अशी विश्वनाथांची खात्री होती. त्यांनी पंचांना विनंती करून टेलर यांना परत बोलावले. टेलर यांनी बॉथमसह 171 धावांची भागी केली आणि भारत दहा गडी राखून हरला. पंचाचा निर्णय चुकला, हेच विश्वनाथही म्हणत होते. पण ते विनयाने म्हणाले, आणि स्वतःच्या तोट्यासाठी म्हणाले. पंचाची चूक दाखविणे हाच जर अपराध असेल, तर त्या दिवशीच्या विश्वनाथांनाही दंड व्हावयास हवा होता!

तेव्हा टीकेचे तीन प्रकार वेगळे करावयास हवेत. निर्णय मोडणे, पंचाला धक्काबुक्की वा शिवीगाळ करणे, हा पहिला. त्यास कठोर शिक्षा असावी. ‘पंच विकला गेला’ असा पुराव्यावाचून आरोप करणे, हा दुसरा; तोही दंडनीय, कारण तो निर्णयावर नसून माणसाच्या चारित्र्यावर असतो. परंतु सामना संपल्यावर, सभ्य शब्दांत, ‘अमुक निर्णय अमुक कारणाने चुकला’ असे सांगणे, हा तिसरा. त्यास दंड करणे म्हणजे सत्य बोलण्यावर जकात बसविणे होय. ही जकात श्रीमंत खेळाडू सहज भरतो आणि बोलून मोकळा होतो. गरीब खेळाडू मात्र गप्प बसतो. ज्या शिक्षेने एकाला परवाना मिळतो आणि दुसऱ्याचे तोंड बंद होते, तिला न्याय कसे म्हणावे?

शंका विचारण्याने पंचाची प्रतिष्ठा जाते, हेही खरे नाही. क्रिकेटने 2008 साली भारत-श्रीलंका कसोटी मालिकेत निर्णयाच्या फेरविचाराची पद्धत प्रथम अजमावली. आज खेळाडू हाताच्या खुणेने दाद मागतो, पंच चुकल्यास निर्णय बदलतो, आणि खेळ पुढे चालतो. पंचपद त्यामुळे कोसळले नाही. आपली म्हणही ‘पाचामुखी परमेश्वर’ अशी आहे. ‘एकामुखी’ असे पूर्वजांनी म्हटलेले नाही.

हा विचार आपणां सीमाभागातील कुटुंबांना परका नसावा. 1 नोव्हेंबर 1956 रोजी हैदराबाद राज्याची वाटणी झाली आणि जुन्या बीदर जिल्ह्याचे तालुके तीन राज्यांत विभागले गेले. सोयरेधायरे सीमेच्या पलीकडे राहिले. त्या निर्णयाविषयी आपल्या घरांत तेव्हा एकमत नव्हते, आजही नाही. तरी आपण तो पाळला, येथील भाषा शिकलो, शेजार जोडला. आणि मत मात्र कोणाकडे गहाण टाकले नाही. पाळणे आणि बोलणे ही दोन्ही कर्तव्ये एकाच घरात सुखाने नांदू शकतात, याचा अनुभव आपणांस आहे. खेळाडूकडून पहिले कर्तव्य सक्तीने करून घ्यावे. दुसऱ्याची किंमत त्याच्याकडून घेऊ नये.