श्रद्धा वारशाने देता येते काय?

आमच्या वसईकडील कॅथलिक घरांत दिवेलागणीनंतर सर्वांनी एकत्र बसून जपमाळेची प्रार्थना करण्याचा परिपाठ पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. पाच दशके, प्रत्येक दशकात दहा वेळा 'नमो मरिया'. अर्धी प्रार्थना एकाने म्हणावयाची, उरलेली अर्धी बाकीच्यांनी. आणि सर्व आटोपल्यावर लहानांनी थोरांचा आशीर्वाद घ्यावयाचा. ज्या वाचकांच्या लहानपणी घरी परवचा आणि शुभंकरोती म्हटली जात असे, त्यांस या वेळेचे निराळे वर्णन करून सांगावयास नको.

काही वर्षांपूर्वी अशाच एका संध्याकाळी, नुकताच कॉलेजात जाऊ लागलेला माझा मुलगा प्रार्थनेस आला नाही. मी कारण विचारले, तेव्हा तो अगदी शांतपणे म्हणाला, "माझा स्नानसंस्कार झाला तेव्हा मी एक महिन्याचा होतो. तुम्ही मला विचारले होते काय?" तत्त्वज्ञान शिकविण्यात माझे अर्धे आयुष्य गेले आहे. वर्गात कोणी हा प्रश्न केला असता, तर त्याची तीन उत्तरे मी उभ्याउभ्या दिली असती. घरात मला एकही सुचले नाही. मी रागावलो, आणि राग हे काही उत्तर नव्हे.

हा प्रश्न आम्हां वसईकरांस दुहेरी बोचतो. 1534 साली वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि 1739 साली चिमाजी आप्पांनी ती घेतली. मधल्या दोनशे वर्षांत आमचे पूर्वज ख्रिस्ती झाले ते कोणी मनापासून, कोणी भयाने, कोणी लाभासाठी. कोण कसा, हे आता कोणास सांगता यावयाचे नाही. "विचारले होते काय?" हा प्रश्न माझ्या मुलाने मला केला, तो मलाही माझ्या एखाद्या विस्मृत पूर्वजास करता आला असता. तथापि त्याच इतिहासाची दुसरी बाजूही मला विसरता येत नाही. 1739 नंतर राजसत्तेचा दाबही नाहीसा झाला आणि आधारही नाहीसा झाला. ज्यांच्यावर केवळ सक्तीच झाली होती त्यांस मागे फिरण्यास वाट मोकळी होती. तरीही समाज राहिला. तो केवळ दगडी चर्चांच्या बळावर राहिला असे मला वाटत नाही. सायंकाळच्या त्या घरगुती पाठानेच त्यास पुष्कळसे तारले असावे. सक्तीने जे आले ते प्रीतीने टिकले, हा चमत्कार म्हणा वा विसंगती म्हणा, आमच्या घरांत घडला आहे.

मुलाच्या बाजूने बोलावयाचे, तर त्याचा पक्ष दुबळा नाही. रूसोने 1762 साली 'एमिल' लिहिला, त्यातील मुलास पंधराव्या वर्षापर्यंत आत्मा म्हणून काही आहे याचीही वार्ता नसते. बुद्धी पिकल्यावर त्याने स्वतः विचार करावा, आधी कोणी त्याच्या मनावर शिक्का मारू नये, हा त्यातील हेतू उदात्त आहे. पण हा ग्रंथ लिहिणाऱ्याने स्वतःची पाचही मुले अनाथालयात पाठविली होती, हे त्याच्याच कबुलीवरून ठाऊक आहे. मी हे टवाळीसाठी सांगत नाही. ज्याला मूल रोज जेवावयास घालावयाचे नाही, त्यालाच ते कोऱ्या पाटीसारखे वाढविता येईल असे वाटते, एवढेच मला म्हणावयाचे आहे. जेम्स मिलने आपल्या मुलास धर्माचा स्पर्शही होऊ दिला नाही. परंतु तिसऱ्या वर्षी ग्रीक भाषा आणि पुढे बेन्थमचे उपयुक्ततावादी मत त्याच्या गळी असे उतरविले की, विसाव्या वर्षी त्या बिचाऱ्या जॉन स्टुअर्टचे मन मोडून पडले. ही हकीकत त्याने आपल्या आत्मचरित्रात स्वतःच लिहून ठेविली आहे. म्हणजे तेथेही "तुला विचारले होते काय?" हा प्रश्न शिल्लक राहतोच. ज्या घरात देव नाही त्या घरातही काहीतरी पूज्य असतेच. परीक्षेतील गुण असतात, पगार असतो, शेजाऱ्यांचे मत असते. मूल त्याचीही दीक्षा घेते, आणि ती घेताना त्याला कोणी विचारीत नाही.

मुलास मातृभाषा कोणती हवी हे आपण विचारीत नाही, मग धर्माचेच का विचारावे, असा युक्तिवाद पुष्कळ जण करतात. मीही तो पूर्वी करीत असे. आता तो मला लटका वाटतो. मराठी ही खरी आणि तमिळ खोटी, असे कोणी म्हणत नाही. माझा धर्म मात्र काही गोष्टी सत्य आहेत असे म्हणतो. सत्याचा दावा करणारी वस्तू भाषेसारखी नुसती अंगवळणी पाडून चालत नाही. कधी ना कधी ती बुद्धीपुढे उभी राहिलीच पाहिजे, आणि बुद्धीला नाकारण्याची मोकळीक नसेल तर तिच्या होकारालाही किंमत नाही.

द्वितीय व्हॅटिकन परिषदेने या दोन्ही गोष्टी एका वर्षाच्या अंतराने सांगितल्या, हे मला मोठे अर्थपूर्ण वाटते. 1964 च्या 'लूमेन गेन्तियुम' या लेखात कुटुंब हे जणू घरातले चर्च असून आईबाप हेच मुलांचे पहिले धर्मोपदेशक होत, असे म्हटले आहे. 1965 च्या 'दिग्नितातिस हुमाने' या घोषणेत, धर्माच्या बाबतीत कोणत्याही मनुष्यावर सक्ती होता कामा नये, असे सांगितले असून, घरातील धर्मशिक्षण ठरविण्याचा आईबापांचा हक्कही तेथेच मान्य केला आहे. परिषदेला हे दोन्ही लिहिणे सोपे गेले असेल; एका छपराखाली ते आचरणात आणणे सोपे नाही.

कार्डिनल न्यूमनने 1870 सालच्या आपल्या ग्रंथात मान्यतेचे दोन प्रकार केले आहेत. एक केवळ कल्पनेला दिलेली मान्यता, दुसरी प्रत्यक्ष वस्तूला दिलेली. देव दयाळू आहे हे विधान पाठ करणे निराळे, आणि दया म्हणजे काय हे कोणा माणसाच्या वागण्यात पाहिलेले असल्याने ते विधान अंगी भिनणे निराळे. घराचे काम या दुसऱ्या प्रकारचे आहे. प्रश्नोत्तरे धर्मगुरूही पाठ करून घेतील. परंतु दिवसभर दमलेली आई दोन माणसांच्या भांडणानंतर गुडघे टेकून 'आमच्या अपराधांची क्षमा कर' असे म्हणते, आणि उठल्यावर खरोखरीच आधी बोलावयास जाते, हे पाहण्याची सोय घराखेरीज अन्यत्र नाही. आणि ती बोलावयास गेली नाही, तर तेही मूल पाहतेच.

फ्रान्समधील मार्तें कुटुंबाची हकीकत कॅथलिक घरांत नेहमी सांगितली जाते. लुई घड्याळजी, रविवारी तो दुकान उघडीत नसे. झेली आलाँसोंची प्रसिद्ध लेस विणणारी. नऊ मुले झाली, त्यांतील चार लहानपणीच गेली. उरलेल्या पाचही मुली जोगिणी झाल्या, आणि धाकटी तेरेजा संतपदास पोहोचली. 2015 साली या दांपत्यासही एकत्र संत म्हणून घोषित करण्यात आले. प्रवचनांत कथा येथेच संपते. माझे लक्ष मात्र मधल्या लेओनीकडे जाते. ही मुलगी हट्टी, अभ्यासात मागे. तिला शाळेतून परत पाठविण्यात आले. त्या पुण्यशील घरातील मोलकरीण तिला आईच्या नकळत कित्येक दिवस धाकात ठेवून छळीत होती, आणि झेलीला ते कळले तिच्या मृत्यूच्या वर्षी, 1877 साली. रोज प्रार्थना होत असलेल्या घरात, संत झालेल्या आईच्या डोळ्यांआड, हे चालले होते! पुढे लेओनी तीनदा मठात गेली आणि तीनदा परतली. 1899 मध्ये चौथ्या वेळी मात्र राहिली. मधल्या काळात घराचे दार तिच्यासाठी बंद झाले नाही, आणि मला त्या कुटुंबाच्या धर्मनिष्ठेचा सर्वांत मोठा पुरावा तोच वाटतो.

दाराची गोष्ट मोनिकेसही सहज साधली नव्हती. पुत्र ऑगस्टीन मानीपंथी झाला, तेव्हा तिने त्याच्याबरोबर एका घरात राहणे व एका पंगतीस बसणे प्रथम नाकारले होते. पुढे एका स्वप्नानंतर तिने त्याला पुन्हा घरात घेतले. त्याच्याशी वाद घाला, म्हणून ती एका बिशपाकडे गेली. तो स्वतः पूर्वी त्याच पंथात वाढलेला. त्याने वाद घालण्याचे साफ नाकारले आणि मुलास तसाच राहू दे, त्याच्यासाठी प्रार्थना कर, वाचता वाचता त्याचे त्यालाच उमगेल, असे सांगितले. मुलगा तर तिला खोटे सांगून रात्रीच्या जहाजाने रोमला निघून गेला. 387 सालच्या ईस्टरला मिलान येथे त्याचा स्नानसंस्कार झाला, आणि त्याच वर्षी ऑस्तिया येथे मोनिका वारली. बालपणी आजारात त्याचा स्नानसंस्कार व्हावयाचा तो लांबणीवर पडला होता. म्हणजे माझ्या मुलाने मागितलेली संधी ऑगस्टीनला मिळाली होती. तरीही आईच्या श्रद्धेचे ओझे त्याला चुकले नाही. आपण लिहितो तो सर्व वृत्तांत देवाबरोबरच तिच्याही ऋणाचा आहे, हे त्याच्या पानोपानी दिसते.

आता माझ्या घरातील एक गोष्ट लिहिली पाहिजे; ती टाळून हा लेख लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल. मुलगा गैरहजर राहू लागल्यावर काही दिवसांनी पत्नीने मला विचारले, "तो प्रार्थनेला कंटाळला, की प्रार्थनेनंतरच्या तुमच्या भाषणाला?" मला प्रथम समजले नाही. मग ध्यानात आले. जपमाळ संपली की सर्व मुले आयती समोर बसलेली असत, आणि ती संधी साधून मी दिवसभराचे हिशेब काढीत असे. कोणाचे गुण कमी, कोण उशिरा घरी आला, कोणी आजीस उलट उत्तर दिले. देवापुढील गुडघे अजून उचललेले नसत तोच माझी न्यायसभा भरे. दहा-बारा वर्षे हे चालले होते. मुलाने देवाला नाकारले, की देवाच्या नावाने बोलणाऱ्या न्यायाधीशाला, हे त्यालाही नीट सांगता येत नसेल. मला विचाराल तर दोन्ही थोडे थोडे. पहिल्याचा त्याला अधिकार आहे. दुसऱ्याबद्दल मी त्याची क्षमा मागितली. ती मागताना माझी जीभ जडावली, कारण बापाने मुलाची क्षमा मागावी अशी आमच्याकडे रीत नाही.

न्यायसभा बंद झाली. प्रार्थना चालू आहे, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी. कोणास हाक मारावयाची नाही एवढे आम्ही उभयतांनी ठरविले. कित्येक दिवस आम्ही दोघे आणि धाकटी मुलगी एवढेच असतो. मुलगा शेजारच्या खोलीत वाचीत बसतो. जेवावयास आम्ही सर्व एकत्र असतो, आणि तेथे त्या विषयावर त्याला वाटेल ते बोलण्यास मुभा आहे. तो बोलतोही, आणि कधी कधी माझ्या वर्गातील विद्यार्थ्यांपेक्षा चांगले बोलतो.

गेल्या पावसाळ्यात एका रात्री वीज गेली होती. पत्नीस ताप होता, म्हणून जपमाळ मीच धरली होती. मेणबत्ती लावण्याच्या गडबडीत किती दशके झाली ते मी विसरलो आणि मध्येच थांबलो. धाकटीलाही आठवेना. तेव्हा पलीकडच्या अंधाऱ्या खोलीतून त्याचा आवाज आला, "चौथे." मी पुढे चालू केले.