नाव न विचारणारी पंगत

महाड-पोलादपूरकडील मनुष्य मुंबई पाहावयास म्हणून प्रथमच जातो, तेव्हा त्याचा मुक्काम बहुधा दोन-तीन दिवसांचाच असतो. पूर्वी दासगावच्या बंदरातून खाडीने खाली उतरावयाचे व पुढे समुद्रमार्गे मुंबई गाठावयाची, असा हा प्रवास होता. आता पोलादपूरची एस. टी. किंवा वीर स्थानकावरील कोकण रेल्वे त्यास काही तासांत तेथे नेऊन सोडते. पाहावयाच्या स्थळांची यादी ठरलेली असते : राणीची बाग, १९२४ साली खुले झालेले गेटवे ऑफ इंडिया, बोरीबंदरची भव्य इमारत, मलबार हिलवरील टांगती बाग आणि संध्याकाळी चौपाटी. खाण्याची यादी तर त्याहूनही पक्की असते : चौपाटीवरील भेळ, दादरचा साबुदाणावडा, इराण्याकडील चहा आणि मस्का-पाव. घरी परतल्यावर मंडळी दोनच गोष्टी पुसतात. काय पाहिलेस आणि काय खाल्लेस? दोहोंची उत्तरे तो मोठ्या हौसेने देतो, परंतु अखेरीस एक वाक्य हटकून येते : ‘बाकी सगळे झकास, पण तिथे कोण कोणाला विचारीत नाही.’

हे वाक्य तक्रारीच्या सुरात उच्चारले जाते आणि ऐकणारेही तिला माना डोलावतात. आम्हांस मात्र असे वाटते की, या तक्रारीत एक मोठा नैतिक प्रश्न दडलेला आहे. आल्यागेल्यास न विचारणे हा शहराचा दोष होय की गुण? आणि आपल्या गावी आपण जे विचारतो, ते नेहमी प्रेमापोटीच विचारतो काय?

गावच्या आतिथ्याची थोरवी कोणीही नाकारणार नाही. सावित्रीच्या काठच्या किंवा पोलादपूरच्या डोंगरकपारीतील वाडीत परका मनुष्य आला, म्हणजे ‘कुठचे तुम्ही?’ हा प्रश्न प्रथम येतो आणि ‘कोणापैकी?’ हा त्याच्या पाठोपाठ. उत्तर मिळाले की गूळपाणी पुढे येते, घोंगडी अंथरली जाते, वेळ असेल तर भाकरी घेतल्यावाचून सुटका होत नाही. मुंबईच्या गर्दीत दोन दिवस धक्के खाल्लेल्या मनुष्यास या विचारपुशीची आठवण यावी, हे स्वाभाविक आहे. तथापि ‘कोणापैकी?’ या प्रश्नाचे कार्य केवळ ओळख करून घेण्याचे नव्हे. पाहुण्यास ओटीवर बसवावयाचे की माजघरात न्यावयाचे, पाणी कोणत्या भांड्यातून द्यावयाचे, किंबहुना द्यावयाचे की नाही, याचाही निवाडा त्याच उत्तरावर होत आलेला आहे. जे दार नावाने उघडते, ते नावानेच बंदही होते.

याचा दाखला शोधण्यासाठी महाडकरास गाव सोडून जाण्याचे कारण नाही. सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले असावेत, असा ठराव सीताराम केशव बोले यांनी १९२३ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात मंजूर करून घेतला. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे त्याप्रमाणे खुले केले. कागदावर सर्व काही झाले होते. परंतु २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांच्यासमवेतचा जनसमुदाय तळ्यावर गेला, ओंजळभर पाणी प्याला, आणि त्यानंतर त्या लोकांवर काठ्या चालल्या. पुढे पंचगव्याच्या घागरी ओतून तळे ‘शुद्ध’ करण्यात आले. प्रकरण न्यायालयात गेले आणि मुंबईच्या उच्च न्यायालयाचा निकाल १७ मार्च १९३७ रोजी लागला. ओंजळभर पाण्याचा हक्क शाबीत होण्यास दहा वर्षे लागली. गुराढोरांस त्या तळ्याची बंदी नव्हती. तळे तेच, पाणी तेच. प्रश्न एवढाच होता की, पिणारा कोणापैकी?

आता त्याच महाडचा एक मनुष्य मुंबईत धोबीतलावावर इराण्याच्या दुकानात शिरतो अशी कल्पना करू. तेथील कयानींचे दुकान १९०४ सालचे आहे. अशी दुकाने आता थोडीच उरली आहेत. समोरच्या खुर्चीवर आधीच कोणी बसलेला असतो. तो कोण, कोठला, हे हा विचारीत नाही आणि हा कोण हे तो विचारीत नाही. दोघांच्या पुढ्यात सारखाच पेला येतो. त्यानंतर तो टांगत्या बागेत जाऊन हिरवळीवर पाय पसरतो. त्या हिरवळीखाली शहराच्या पाण्याचा मोठा साठा आहे, हे बहुतेक प्रेक्षकांच्या ध्यानीही नसते. १८९२ पासून तानशाचे पाणी दुरून नळांनी मुंबईत येत आहे, आणि नळाची तोटी सोडणाराचे नाव तोटीस कळत नाही. ज्याच्या आजास तळ्यावर मार खावा लागला, अशा मनुष्याने हे पाणी प्याले, तर ‘येथे कोण कोणाला विचारीत नाही’ हे वाक्य तो कोणत्या सुरात उच्चारील? एकाला जी उपेक्षा वाटते, तीच दुसऱ्यास सुटका वाटते. दोन दिवसांच्या पाहुण्याने हे वाक्य उच्चारण्यापूर्वी एवढे मनात आणावे.

म्हणून शहराच्या गळ्यात एकदम माळ घालावी, असे मात्र आमचे म्हणणे नाही. दोन दिवसांच्या सफरीत शहराची दर्शनी बाजू तेवढी दिसते. बिऱ्हाड करावयाचे म्हटले की तेच शहर आडनाव विचारू लागते. गिरण्यांच्या काळी तर हे अधिकच उघड होते. विणकामाच्या खात्यात धोट्यातील सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे, म्हणून अस्पृश्य मानलेल्या कामगारांस तेथे प्रवेश नसे, आणि पगार तर त्याच खात्यात चांगला मिळे. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न उघडपणे मांडला होता. कोकणातून गेलेले चाकरमानी गावकीच्या खोलीत दाटीने राहत; तेथेही गाव व जात ही बरोबर आलेलीच असत. शिवाय इराण्याच्या टेबलावर नाव विचारले जात नाही हे खरे. परंतु बिलाचे पैसे मागितले जातात, हेही तितकेच खरे. ज्याच्या खिशात पैसे नाहीत, त्यास शहराची ही उदारता दाराबाहेरच ठेवते. तेव्हा न विचारणे हा आपोआप सद्गुण ठरत नाही. कित्येकदा तो केवळ व्यवहार असतो, आणि कित्येकदा निव्वळ बेपर्वाई.

मग गुण कोठे आहे? आमच्या मते येथे प्रश्नांचाच भेद केला पाहिजे. पंगतीस आलेल्या मनुष्यास तीन प्रश्न विचारता येतात. पहिला, ‘तू कोण?’ दुसरा, ‘तुला काय हवे?’ आणि तिसरा, ‘जेवलास का?’ गाव पहिला प्रश्न विचारते, आणि उत्तर पसंत पडले तर तिसराही मोठ्या मायेने विचारते. शहर पहिला सोडून देते, दुसरा तत्परतेने विचारते आणि तिसऱ्याशी त्यास कर्तव्य नसते. आपला पाहुणा जेव्हा तक्रार करतो, तेव्हा त्याला तिसऱ्या प्रश्नाची उणीव भासलेली असते, आणि ती खरी आहे. परंतु ती भरून काढण्यासाठी पहिला प्रश्न परत आणण्याची काहीच आवश्यकता नाही.

कोणी म्हणेल, नावच ठाऊक नसेल तर माया कशी जडावी? ओळखीवाचून आपुलकी ही बोलाचीच कढी नव्हे काय? या आक्षेपात तथ्य आहे. नाव विचारूच नये असे आम्ही म्हणत नाही. ते पान वाढल्यावर विचारावे, एवढेच म्हणतो. आधी विचारलेले नाव ही चौकीवरची तपासणी होते, मागाहून विचारलेले नाव ही मैत्रीची सुरुवात होते. शब्द तेच असले तरी त्यांचे स्थान बदलताच अर्थ बदलतो. आपल्या राज्यघटनेच्या पंधराव्या कलमात दुकाने, उपाहारगृहे, विहिरी व तलाव यांचा एकत्रच उल्लेख आहे. धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांमुळे कोणासही त्यांचा मज्जाव नाही, असे ते सांगते. इराण्याचे टेबल आणि चवदार तळे ही अशी एकाच वाक्यात शेजारी आली आहेत. परंतु कायदा पहिला प्रश्न तेवढा बंद करू शकतो. तिसरा प्रश्न विचारावयास लावणे त्याच्या हाती नाही. ते ज्याचे त्याने करावयाचे असते.

हे दोन्ही एकत्र नांदू शकतात, याचा प्रत्यय याच भूमीने घेतलेला आहे. जुलै २०२१ च्या महापुरात महाड शहर बुडाले आणि तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळून अनेकांचे प्राण गेले. तेव्हा मुंबई-ठाण्याकडून आणि इतर ठिकाणांहून माणसे मदतीस धावून आली. चिखल उपसणाराने घरधन्याची जात विचारली नाही, आणि पाण्याची बाटली घेणारानेही देणाराचे आडनाव पुसले नाही. आणि तरीही ‘काही खाल्ले का?’ हे मात्र परका परक्यास विचारीत होता. संकटाच्या दिवसांत जे आपल्याला सहज साधते, ते सुखाच्या दिवसांत अवघड का व्हावे? संकट ओसरताच ओटी व माजघर यांच्यामधील उंबरा पुन्हा उंच होतो, याचे कारण पुराच्या पाण्यात खचितच नाही.

तेव्हा मुंबई पाहावयास जाणारांनी अवश्य जावे. राणीच्या बागेतील प्राणी पाहावेत, चौपाटीवर भेळ खावी, आणि इराण्याच्या दुकानात अनोळखी मनुष्यासमोर बसून चहा घेताना, आपणांस येथे कोणी काही विचारले नाही, याची किंमत क्षणभर मनाशी करावी. परतताना मुलांसाठी माहीमचा हलवा तर आणावाच. परंतु त्याबरोबर तेथील एवढी एक रीतही घेऊन यावी, आणि आपल्या गावच्या मायेची तीत भर घालावी. दारी आलेल्यास घरात जे भांडे हाताशी असेल त्यातून पाणी द्यावे, जेवलास का म्हणून पुसावे, आणि मग सावकाश, गप्पांच्या ओघात, त्याचे नाव विचारावे.