मूठ कोणाची?

माणसाचा हात त्याच्या इच्छेच्या कितीतरी आधी तयार होतो. गर्भधारणेनंतर चौथ्या आठवड्यात हाताचा कोंब फुटतो, पुढे तो वल्ह्यासारखा चपटा होतो आणि मधल्या पेशी मरत जाऊन आठव्या आठवड्याच्या सुमारास बोटे सुटी होतात. सुश्रुतसंहितेने दोन हात, दोन पाय आणि डोके असे पाच पिंड तिसऱ्या महिन्यात सांगितले आहेत. चरकसंहितेच्या शारीरस्थानात तर गर्भाचे कोणते अंग आधी, यावर ऋषींचा वादच रंगतो. कुमारशिरा भरद्वाज डोके म्हणतो, काङ्कायन हृदय. बडिश हात-पाय म्हणतो, कारण माणसाची साधने तीच. आत्रेय मात्र सर्व अंगे एकदमच होतात, हा धन्वंतरीचा पक्ष उचलतात. बडिश हरला; पण अवयवांच्या क्रमात कर्त्याचा प्रश्न त्यानेच आणला.

चौथ्या महिन्यात सोनोग्राफीत अंगठा तोंडात गेलेला दिसू शकतो. जन्मल्यावर तळहातावर बोट ठेवले की बाळाची मूठ मिटते. घरातल्यांना ती ओळख वाटते. शरीरशास्त्र तिला प्रतिक्षिप्त क्रिया म्हणते. मग धरणारा कोण? न्यायसूत्रांत गौतमाने असाच प्रश्न स्तनपानाबाबत घेतला आहे. न शिकवता बाळ दुधाकडे वळते, ते पूर्वजन्मीच्या सवयीमुळे, असे त्याचे म्हणणे. लोखंडही लोहचुंबकाकडे जातेच की, असा आक्षेप येतो. ते इतर कशाकडे जात नाही, म्हणजे त्यालाही काही नेमके कारण आहे, हे उत्तर. कारण हवे, इथवर आजचा मज्जाशास्त्रज्ञही गौतमाबरोबर येईल. पूर्वजन्मापाशी मात्र तो थांबेल.

कारणाचा वाद बाजूला ठेवून नुसते मोजमाप करण्याचे काम बडोद्यात झाले. तिथल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात प्रमिला फाटक यांनी 1 ते 30 महिन्यांच्या भारतीय बालकांच्या शारीरिक हालचालींचे व मानसिक वाढीचे मानदंड तयार केले. ते 1970 मध्ये प्रसिद्ध झाले.

सर्वसाधारण क्रम असा: जन्माची आपोआप मिटणारी मूठ चार-सहा महिन्यांत ओसरते. त्याच सुमारास बाळ दिसलेल्या वस्तूकडे हात नेऊ लागते, मग ती एका हातातून दुसऱ्या हातात घेते. नवव्या-दहाव्या महिन्यात अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत चुरमुराही सापडतो. हातातली वस्तू मनाने सोडून देणे मात्र सहसा त्यानंतर, वर्षाच्या आसपास जमते. सांख्यांनी हाताला कर्मेंद्रिय म्हटले आणि घेणे हे त्याचे कर्म ठरवले. सोडणे हे मात्र त्यांनी हाताचे कर्म म्हणून सांगितले नाही.