इथले म्हणजे कुठले?

मागच्या उन्हाळ्यात आम्ही आठ-नऊ जण जासईहून एका वॉटर पार्कला गेलो होतो. मामी होती. तिचा नेरुळला राहणारा नातू बायको-मुलीसह आला होता. शिवाय मामीच्या मागच्या खोलीत भाड्याने राहणारे जोडपे आणि त्यांची दोन मुले होती. हा भाडेकरू उत्तर प्रदेशातला. बंदरात ट्रेलर चालवतो आणि जासईत येऊन त्याला दोन वर्षे झाली आहेत. तिकीट खिडकीवर पाटी होती : ‘रायगड जिल्ह्यातील रहिवाशांना सवलत. मूळ आधार कार्ड दाखवणे आवश्यक.’ मामीच्या कार्डावर जासई, तालुका उरण. तिला सवलत मिळाली. भाडेकरूच्या कार्डावरही आता जासईच आहे, त्याच्या घरालाही मिळाली. नातवाच्या कार्डावर नेरुळ, जिल्हा ठाणे. त्याने पूर्ण पैसे भरले.

कोणी वाद घातला नाही. खिडकीतल्या मुलीने पाटीवर लिहिले होते तेच केले आणि नातवालाही त्याचे काही वाटले नाही. परतताना मामी मात्र एकच वाक्य बोलली : “ह्याच्या पणज्याची जमीन सिडकोत गेली, आन् हा भायेरचा?” त्या वाक्याने मला पुढे कित्येक दिवस सोडले नाही.

आपण नव्या माणसाला दोन प्रश्न विचारतो. राहता कुठे? आणि गाव कुठले? गिरगावातल्या चाळीत ज्याच्या तीन पिढ्या गेल्या तो पहिल्याला खोलीचा नंबर सांगतो, दुसऱ्याला राजापूर नाहीतर देवगड. दोन्ही उत्तरे खरी असतात आणि दोन्ही एकमेकांना छेद देत नाहीत. अडचण होते ती दोन प्रश्नांना एकच कागद लावला की. खिडकीवरच्या पाटीने पहिला प्रश्न विचारला होता. मामीने ऐकला तो दुसरा.

हा गुंता जुना आहे. शिवकाळात आणि पेशवाईत देशावरच्या गावात जमीन कसणारे दोन प्रकारचे असत, मिरासदार आणि उपरी. मिरासदाराचा जमिनीवर वंशपरंपरेचा हक्क होता. दुष्काळात तो परागंदा झाला, तरी तेवढ्याने तो हक्क बुडत नसे. बऱ्याच वर्षांनी परतून सारा भरायला उभा राहिला तर त्याला आपली जमीन मागता येई. उपरी वर्षानुवर्षे गावात राहून तीच माती कसे, पण गाव त्याला उपरीच म्हणे. तंटा झाला तर गोतसभा, म्हणजे गावाची न्यायसभा, बसे आणि निकालाचा महजर लिहिला जाई. त्यावर पाटील-कुलकर्ण्यांबरोबर बलुतेदारांची साक्ष असे. ज्याला अक्षर येत नसे तो आपल्या अवजाराची निशाणी करी, कुणबी नांगराची, इतर आपापल्या हत्याराची. माणूस कुठला हे गाव तोंडाने सांगत असे आणि कागद ते नोंदवत असे. त्या व्यवस्थेत जातीची उतरंड होती, राबणाऱ्या उपऱ्यावर अन्याय होता. ती परत यावी असे कोणी म्हणू नये. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवण्यासारखी आहे. तिथे पुरावा गोळा करण्याचे ओझे एकट्या माणसावर नव्हते. सारे गोत त्यासाठी बसत असे.

पुढे राज्याने राहण्याला वर्षांचे माप लावले. निजामाच्या हैदराबाद संस्थानात, म्हणजे आपल्या मराठवाड्यातही, नोकरीसाठी मुल्की, म्हणजे तिथला रहिवासी, ठरायला पंधरा वर्षांचे वास्तव्य लागे. आज महाराष्ट्रात अधिवासाचा दाखला काढायला जावे तरी पंधरा वर्षेच सिद्ध करावी लागतात. राज्ये बदलली, आकडा तोच राहिला.

रहिवाशाला सवलत द्यावी का, हा प्रश्न स्वतंत्र भारताच्या सर्वोच्च न्यायालयापुढे फार लवकर आला, आणि तोही होळकरांच्या इंदुरातून. तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयात मध्य भारताच्या रहिवाशांना कॅपिटेशन फी माफ होती, बाहेरच्यांना भरावी लागे. दिल्लीचा रहिवासी असलेल्या जोशी नावाच्या विद्यार्थ्याने त्याला आव्हान दिले. १९५५मध्ये न्यायालयाने बहुमताने ही माफी वैध ठरवली. घटनेच्या पंधराव्या कलमाने जन्मस्थानावरून भेद करायला बंदी केली आहे. राहण्याचे ठिकाण ही त्याहून वेगळी गोष्ट आहे, असे ते म्हणाले. ही रेघ मला शहाणपणाची वाटते. जन्म कोणाच्या हातात नसतो. राहणे मात्र रोज घडते. त्यात भाडे भरणे आहे, नळाला पाणी येईपर्यंत जागणे आहे, रस्त्यावरची धूळ खाणे आहे. जासईच्या रस्त्यावर कंटेनरची जी धूळ उडते ती भाडेकरूची मुलेही श्वासात घेतात. त्यांच्या सवलतीत गैर काही नव्हते, आणि मामीच्या वाक्यातून कोणी तसा अर्थ काढला तर तो मी मान्य करणार नाही.

पण राहणे तरी सिद्ध कशाने होते? खिडकीवर आधार मागतात. २०१६च्या आधार कायद्याचे नववे कलम सांगते की आधार क्रमांक हा स्वतःहून नागरिकत्वाचा किंवा अधिवासाचा पुरावा नाही. त्याच कायद्याच्या लेखी रहिवासी म्हणजे अर्ज करण्याआधीच्या बारा महिन्यांत १८२ दिवस भारतात राहिलेला माणूस. भारतात, जासईत नव्हे. ज्या कामासाठी कार्ड घडले नाही ते काम आपण त्याच्याकडून रोज करून घेतो, कारण दुसरे सोपे असे हाताशी काही नाही.

करमणुकीच्या खिडकीवर या गोंधळाचे फारसे बिघडत नाही. फ्लोरिडातल्या डिस्नेच्या उद्यानांत तिथल्या रहिवाशांसाठी स्वस्त तिकिटे असतात आणि ती घ्यायला राज्याच्या पत्त्याचा पुरावा लागतो. त्यामागे व्यापाराचा साधा हिशेब आहे. लांबचा पाहुणा सुट्टीत एकदा येतो, जवळचा माणूस एरवीच्या दिवशी पुन्हा पुन्हा येऊ शकतो. जो येईल त्याला बोलावण्याची ती रीत आहे, आणि तिच्याकडून न्यायाची अपेक्षा करण्याचे कारण नाही. हाच प्रश्न दवाखान्याच्या दारात आला की त्याचे वजन वाढते. २०१८च्या जानेवारीपासून गोव्यात बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयात परराज्यातल्या रुग्णांकडून शुल्क घेणे सुरू झाले, तेव्हा सिंधुदुर्गातली माणसे रस्त्यावर उतरली. दोडामार्ग-सावंतवाडीच्या माणसाला दुखले-खुपले की बांबोळीच आठवते. सोयरिकी गोव्यात, बाजार गोव्यात, उपचारही पिढ्यान्‌पिढ्या गोव्यात. एका रेघेने तो परका झाला. गोव्याच्या करदात्याचे म्हणणेही खोटे नव्हते. पत्ता दोघांचा खरा होता, आणि पत्त्याने प्रश्न मात्र सुटत नव्हता.

व्हेनिसने थोडा वेगळा विचार केलेला दिसतो. २०२४च्या एप्रिलपासून तिथे ठरावीक दिवशी दिवसभरासाठी येणाऱ्या पाहुण्याला पाच युरो भरावे लागू लागले. रहिवाशांना ते माफ आहेत, आणि त्या शहरात जन्मलेल्यांनाही, मग ते आज कुठेही राहोत. भाडी आणि पर्यटकांची गर्दी यांनी व्हेनिसची माणसे बाहेर ढकलली आहेत. जो गेला तो मनाने गेला असे नाही, एवढे तरी त्या शहराने कागदावर मानले.

आपल्या देशालाही हे कळत नाही असे नाही. जासई ज्या उरण तालुक्यात आहे त्याच तालुक्यातल्या घारापुरीची लेणी पाहायला भारतीयाला ४० रुपये पडतात, परदेशी पाहुण्याला ६००. पण न्यू जर्सीत वाढलेला, अमेरिकेचा पासपोर्ट असलेला मराठी मुलगा ओसीआय कार्ड दाखवून भारतीयाच्याच दराने त्रिमूर्तीसमोर उभा राहू शकतो. ते कार्ड मिळायला पणजोबा भारताचे नागरिक होते एवढे दाखवले तरी चालते. साता समुद्रापलीकडचे पणजोबा आपण मानतो. मामीच्या नातवाचे पणजोबा खाडीपलीकडच्या नेरुळमध्ये ओळख हरवून बसतात.

१९८४च्या जूनमध्ये वैद्यकीय प्रवेशांबाबतच्या प्रदीप जैन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की भारतात अधिवास एकच, तो भारताचा. राज्याराज्यांचे वेगळे अधिवास नाहीत. २०२५च्या जानेवारीत पदव्युत्तर वैद्यकीय जागांच्या प्रकरणात त्याने तेच पुन्हा बजावले. देशाच्या एकतेसाठी हे म्हणणे मोलाचे आहे. पण जैन निकालाच्या पाच महिने आधी, १६ आणि १७ जानेवारी १९८४ला, जासई आणि नवघरच्या रस्त्यांवर एक वेगळाच दावा मांडला गेला होता. सिडको ही नवी मुंबई वसवणारी सरकारी संस्था १९७०मध्ये स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनीवर नवे शहर आखले गेले. भातखाचरे गेली, मिठागरे गेली, खाडीतली मासेमारी आटली. जासईचेच सुपुत्र दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आगरी, कोळी, कराडी समाजाची माणसे बायकामुलांसह उभी राहिली. पोलिसांचा गोळीबार झाला. दोन दिवसांत पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यातून साडेबारा टक्क्यांचे धोरण आले. १९९०मध्ये शासन निर्णय निघाला, १९९४मध्ये त्यात सुधारणा झाली. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड मूळ मालकाला परत. एकराचे चाळीस गुंठे, त्यातले पाच परत. सार्वजनिक सोयींसाठीची कपात धरली तर हातात साडेतीन.

त्या माणसांनी आम्ही इथे जन्मलो म्हणून द्या, असे म्हटले नव्हते. आम्ही इथे राहतो म्हणून द्या, असेही नव्हे. त्यांचे म्हणणे होते, आमच्याकडून घेतलेत म्हणून द्या. राहता कुठे आणि गाव कुठले, या दोन प्रश्नांपलीकडचा हा तिसरा प्रश्न आहे : या जागेने तुमच्याकडून काय घेतले? पहिल्याचे उत्तर सवलतीला पुरते, दुसऱ्याचे आपुलकीला. तिसऱ्याच्या उत्तरात ऋण असते. सवलत ही देणाऱ्याची मर्जी आहे, तो पाटी लावील किंवा काढील. ऋणाला पाटी लागत नाही, आणि ऋणको घर बदलून गेला किंवा धनको नेरुळला राहायला गेला म्हणून ते फिटतही नाही. मामीच्या वाक्यातले दुःख वॉटर पार्कच्या तिकिटाचे नव्हतेच. ज्या प्रदेशाचे आपण धनको आहोत तिथेच आपल्या मुलाबाळांना ‘बाहेरचे’ हा शब्द लागावा, याचे ते होते.

आणि हे ऋण मागताना काय काय दाखवावे लागते! प्रकल्पग्रस्ताचा दाखला, वारस दाखला, जुना सातबारा, घरपट्टीची पावती. आजोबांचे नाव एका कागदावर एका तऱ्हेने लिहिलेले, दुसऱ्यावर दुसऱ्या. चार भावांपैकी एकाचा मृत्यूचा दाखला नसतो आणि साऱ्यांचे प्रकरण थांबते. गावठाणाची हद्द आखली ती जुन्या घरांपुरती, पुढे कुटुंबे वाढली, मुलांची लग्ने झाली आणि हद्दीबाहेर घरे उभी राहिली. इथली माणसे त्यांना ‘गरजेपोटी बांधलेली घरे’ म्हणतात. तो शब्द इतका नेमका आहे की शासनाच्या भाषेतही तो शिरला. अशा घरात आयुष्य काढलेल्या माणसाला हे घर माझेच, हे सांगायला पुन्हा कागदाच्या दारी जावे लागते. मामीचे बोट आधारचे यंत्र पहिल्या वेळी कधीच वाचत नाही. शेतावर आणि मिठागरावर झिजलेल्या बोटावरच्या रेषा त्याला सापडत नाहीत.

इथे मला गोतसभा आठवते. तिच्यातली उतरंड सोडून द्यावी, पण पुरावा ही सगळ्यांची जबाबदारी आहे ही तिची समज घ्यावी. ज्याने घेतले त्याच्याकडे नोंद असतेच. भूसंपादनाच्या निवाड्यात नाव आहे, सर्व्हे नंबर आहे, क्षेत्र आहे, मोबदल्याचा आकडा आहे. त्या नावांची यादी प्रत्येक गावच्या ग्रामपंचायतीत लावावी. वारसांच्या नोंदी गावात शिबिर घेऊन, म्हाताऱ्यांना बोलते करून, शासनाने स्वतः पुऱ्या कराव्यात. म्हातारी माणसे आहेत तोवरच हे होईल. कोणाची जमीन कुठे होती, खारीचा बांध कोणी घातला होता, कोणता भाऊ कुठे राहायला गेला, हे मामीला तोंडपाठ आहे. तिच्यानंतर ते कोणत्याच दप्तरात सापडणार नाही.

आज जासईच्या एका बाजूला अटल सेतू उतरतो, दुसरीकडे बंदराची वाहने धावतात. पनवेलजवळच्या ज्या विमानतळाला दि. बां.चे नाव मिळावे म्हणून ही गावे रस्त्यावर आली, त्याचे ८ ऑक्टोबर २०२५ला उद्घाटन झाले. या साऱ्यावर नेरुळच्या नातवाचा हक्क आहे, भाडेकरूच्या मुलांचाही आहे. एकाचा घेतल्याचा, दुसऱ्यांचा राहण्याचा. एकाला नाकारून दुसऱ्याला द्यावे इतकी ही भूमी लहान नाही. फक्त ऋणाची कागदपत्रे धनकोकडून मागू नयेत. जमीन घेताना ही नावे सरकारला आपल्याच दप्तरात सापडली होती. देताना ती तिथेच शोधावीत.